‘गाणी लाव’ : तबकडी, फीत आणि कार्डाची कुळकथा

मराठीत गाणी ‘लावतात’ आणि ‘भरतात’. ‘जरा गाणी लाव’ असे म्हटले की आज पडद्यावर बोट टेकवले तरी पुरते. क्रियापद मात्र फोनोच्या, म्हणजे ग्रामोफोनच्या, काळचे आहे. तेव्हा तबकडी खरोखरच फिरत्या चकतीवर लावावी लागे. ‘भरणे’ हे साठवणीचे क्रियापद. गवयाने रेकॉर्ड भरली, दुकानातून कॅसेट भरून आणली, मोबाइलच्या कार्डात गाणी भरून घेतली, अशी त्याची तीन पिढ्यांची वाटचाल आहे. सोबत नेता येणाऱ्या गाण्याची कुळकथा या दोन क्रियापदांत आहे. कशात किती भरते आणि त्यातले हवे ते किती सहज लागते, यावरच लोक काय ऐकतात हे ठरत आले.

‘तबक’ हा मूळचा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. विड्याचे तबक, ओवाळणीचे तबक घरोघरी होते; लहान तबक ती तबकडी. एडिसनने १८७७ मध्ये आवाज नळकांड्यावर उमटवला आणि बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट चकतीचा मार्ग काढला. ती चकती मराठी घरात आली तेव्हा तिला नाव शोधावे लागले नाही. तिचा मुख्य कच्चा माल तर इथलाच होता. जुन्या तबकड्या शेलॅकच्या असत, म्हणजे झाडांवरच्या किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेच्या, आणि जगाला लाख पुरवणारा प्रमुख देश भारतच होता. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. १९०८ मध्ये तिथेच सियालदहला तबकड्यांचा कारखाना सुरू झाला.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूत जेमतेम तीन मिनिटे भरत. तासभर रंगणारा राग गवयांना तेवढ्यात बसवावा लागला. स्थायी, अंतरा, चार ताना आणि समेवर शेवट. नाट्यपदे, भजने, भावगीते या मापात सहज बसली, म्हणून ती दूरवर पोहोचली. सगळेच भरले गेले असे नाही. पुण्यात १९११ मध्ये भारत गायन समाज स्थापन करणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांच्या आवाजाची तबकडी मागे राहिली नाही. त्यांचे गाणे शिष्यांच्या गळ्यातून ऐकावे लागले.

हा आवाज सोबत नेण्याची पहिली सोय म्हणजे पेटीचा फोनो. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी डेकाचा असा फोनो खंदकांपर्यंत नेला होता. झाकण उघडायचे, बाजूच्या दांडीने चावी द्यायची, तबकडी लावायची, नवी पोलादी पिन बसवून हलकेच टेकवायची. बाजू संपली की तबकडी उलटायची आणि पिन बदलायची, कारण झिजलेली पिन खाचा खरवडते. आतली स्प्रिंग सैल पडू लागली की आवाज जड होत खाली ओघळे आणि कोणीतरी धावत जाऊन पुन्हा चावी देई. ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. एका फोनोशी अरबी तबक आणि पोर्तुगीज चावी अशी गाठ पडली होती.

किती गाणे किती वजनात मावते, हे पाहायला पुण्याचेच उदाहरण घेता येते. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे, गाणी ५६. प्रत्येक गाण्याला सरासरी सात मिनिटे धरली तर एकूण साडेसहा तास होतात. लाखेच्या तबकड्यांवर ती भरायची तर सुमारे १३० बाजू, म्हणजे ६५ तबकड्या लागल्या असत्या. एकेक तबकडी साधारण २०० ग्रॅमची, म्हणून ओझे १३ किलोचे. १९४८ मध्ये आलेल्या, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मावणाऱ्या एलपीवर हेच काम नऊ-दहा तबकड्यांत होते.

पन्नाशीच्या दशकात आलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओने यंत्र हलके केले आणि ते बॅटरीवर चालू लागले. त्यात भरण्यासारखे काही नव्हते. केंद्र जे लावेल ते ऐकायचे, अशी ती व्यवस्था होती.

ऐकणाऱ्याच्या हाती भरण्याची सत्ता दिली ती फितीने. ‘फीत’ हा शब्दही पोर्तुगीज. केसांची, बुटाची फीत मराठीला आधीच ठाऊक होती, म्हणून चुंबकीय पट्टीची ‘ध्वनिफीत’ झाली. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये जवळपास ८६ मीटर फीत गुंडाळलेली असे. ती यंत्रात अडकून बाहेर आली की कॅसेटच्या सहा दातांच्या भोकात सहा कडांची पेन्सिल घालून फिरवत बसायचे, हे त्या काळच्या प्रत्येक मुलाला येत होते. ‘गीतरामायण’ आता सात कॅसेटींत, एका पिशवीत मावू लागले.

पुण्यात कॅसेटने रागसंगीताला पुन्हा श्वास दिला. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकणाऱ्या शहराला तीन मिनिटांचा राग कधीच पुरणारा नव्हता. एका बाजूच्या अर्ध्या तासात विलंबित ख्याल सावकाश उलगडता येई. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसने मोठ्या गवयांच्या कॅसेटी काढल्या, आणि मैफलीचे माप घराच्या कपाटात आले.

सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी बाजारात आला. त्यात भरण्याची सोय नव्हती, फक्त ऐकण्याची होती. म्हणून तो खपेल का, अशी शंका घेतली गेली. पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोके होती, कारण एकट्यानेच गाणे ऐकणे असभ्य वाटेल अशी सोनीच्या अकिओ मोरिता यांना काळजी होती. ही काळजी अनाठायी ठरली. लोकांना एकट्याने ऐकणेच हवे होते, आणि दुसरे भोक पुढे गळून पडले.

फितीनंतर वस्तूच नाहीशी झाली. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत घडलेल्या तंत्राच्या फायलींना १९९५ मध्ये ‘एमपी३’ हे शेपूट मिळाले. कानाला जे ऐकूच येत नाही ते वगळून फाइल लहान करायची, हे त्यामागचे सूत्र. नेहमीच्या १२८ किलोबिटच्या प्रतीत एका मिनिटाला सुमारे एक एमबी लागते, म्हणजे ‘गीतरामायणा’ला ३७५ एमबी. १९९८ च्या रिओ प्लेअरमध्ये ३२ एमबी जागा होती. त्यात चारच गाणी मावली असती. २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर झालेल्या आयपॉडमध्ये पाच जीबी होती. त्यात सगळी ५६ गाणी तेरा वेळा मावली असती. त्या आयपॉडचे वजन सुमारे १८५ ग्रॅम होते. लाखेची एक तबकडी साधारण तेवढीच भरे.

भरण्याचा प्रश्न असा सुटला आणि लावण्याचा अवघड झाला. हजारो फायलींतून हवे ते शोधायचे तर प्रत्येकीवर नाव हवे. नावाचीही एक कुळकथा आहे. सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिका शेवटी आपले नाव स्वतः उच्चारत, म्हणजे कारखान्यात तबकडी ओळखता येई. पुढे मधल्या गोल कागदावर नाव छापले जाऊ लागले, मग कॅसेटच्या डबीतल्या घडीच्या कागदावर. एमपी३ फाइलच्या शेवटी १९९६ पासून १२८ बाइटची चिठ्ठी जोडली जाऊ लागली. गाण्याला ३० अक्षरे, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला एक क्रमांक. विनअँप, आयट्यून्स यांसारखी सॉफ्टवेअरे अशाच चिठ्ठ्या वाचून यादी लावत. देवनागरीची सोय त्या चिठ्ठीत नव्हती, म्हणून मराठी गाणी वर्षानुवर्षे रोमन लिपीत, ज्याला जसे सुचेल तशा स्पेलिंगने साठत गेली. राग, ताल, घराणे, बंदिश यांना तर घरच नव्हते. चिठ्ठीच्या नव्या आवृत्तीत देवनागरी मावते; जुन्या फायलींवरचा गोंधळ मात्र तसाच राहिला.

पुण्यात एमपी३ प्लेअरची ही पिढी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत भेटे. छोटे प्लेअर, पेन ड्राइव्ह, नखाएवढी कार्डे तिथे मिळत. मोबाइलची दुकाने कार्डात गाणी भरून देत. आठवड्यात दोनदा भरणाऱ्या जुन्या बाजारात याच काळात लाखेच्या तबकड्या विकायला येत होत्या. मग फोननेच प्लेअरला पोटात घेतले आणि गाणी थेट इंटरनेटवरून येऊ लागली. आयपॉड २०२२ मध्ये बंद झाला. त्याआधी २०१७ मध्ये सारेगामाने रेडिओसारख्या दिसणाऱ्या ‘कारवाँ’ या प्लेअरमध्ये पाच हजार गाणी भरूनच दिली. त्याची मराठी आवृत्तीही आली. बटण दाबले की गाणे लागते, शोधावे काही लागत नाही, हे वडीलधाऱ्यांना मानवले.

पुढचा प्लेअर कसा असेल, याचे अंदाज प्रत्येक पिढीने केले आणि ते बहुधा वापराच्या बाबतीत चुकले. एडिसनने १८७८ मध्ये फोनोग्राफचे दहा उपयोग लिहिले, त्यात पहिला मान पत्रे सांगून लिहवण्याला होता. संगीत चौथे होते. सोनीला दोन कान-जोड्या लागतील असे वाटले. पेठेतल्या घराला मात्र नेहमी एकच हवे होते. सकाळी तोडी हवी तर तोडीच लागावी, आणि ‘हिराबाईंची’ म्हटले तर हिराबाई बडोदेकरांचीच. जागा आता अमाप आहे, वजन नाहीच. पुढच्या सॉफ्टवेअरचे काम उरते ते रागाला आणि बंदिशीला त्या चिठ्ठीत घर देण्याचे आणि जुन्या फायलींवरची नावे देवनागरीत आणण्याचे. ‘गाणी लाव’ या दोन शब्दांना पुरे पडणारे यंत्र तेव्हाच होईल.