तापाच्या आत

जुलैची रात्र. नागपूरच्या मनीषनगरातल्या तिसऱ्या मजल्यावर तुम्ही लेकीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलताय. ताप 102. वर्ध्याकडे निघालेल्या गाडीचा भोंगा खिडकीतून आत येतो आणि विरता विरता तुमचा फ्लॅटही सोबत घेऊन जातो.

1965. तुम्ही नागपुरातच आहात, एका मातीच्या घरात, खाटेशी. शहर तापाने फणफणलंय. चिकुनगुन्या आणि डेंग्यू एकदमच आलेत. कंदील भिंतीच्या भेगेजवळ धरा. वाळूमाशी दिसली? डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, अंगभर केस, पंख उभे. धड उडतही नाही, टुणटुण उड्या मारत खाटेकडे सरकते.

तापाच्या अशाच दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला नवा विषाणू सापडतो. 1967 साली भट आणि रॉड्रिग्ज त्याची माहिती छापतात. नाव पडतं चांदीपुरा, इथल्याच जागेवरून; पसरवते तीच वाळूमाशी. पुढची कितीतरी वर्षं त्याची फारशी धास्ती कुणाला नसते. मग 2003 साली आंध्रात तो 183 मुलं नेतो.

2007. त्याचीच साथ, आता नागपूर विभागात. वॉर्डात एक आई पदर तोंडाशी धरून उभी आहे. "सकाळी तं खेळत होता जी," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणते. दुपारी ताप, संध्याकाळी झटके. खाटेवर चार वर्षांचं पोर, मुठी घट्ट आवळलेल्या.

त्याच्या मेंदूत शिरा.

इथे चेतापेशी एकट्या नाहीत. मायक्रोग्लिया या पहारेकरी पेशी आपले बारीक हात सतत फिरवत, चाचपत असतात. शेजारी चांदणीसारख्या ॲस्ट्रोसाइट, चेतापेशींना खाऊपिऊ घालणाऱ्या, रक्तवाहिनीला पाय लावून बसलेल्या. दोघींचं बोलणं रेणूंतून चालतं. एरवी ॲस्ट्रोसाइट टीजीएफ-बीटा सोडून मायक्रोग्लियाला शांत ठेवते. आज विषाणू आलाय. मायक्रोग्लियाचे हात आखडतात, अंग फुगतं, आणि ती हाकाटी घालते. हाक घालणं चूकच नव्हे; त्यावाचून विषाणू अडणार नाही. पण हाक थांबेना, तेव्हा शेजारीण बदलते.

ती कशी बदलते, ते स्टॅनफर्डला बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेत 2017 साली उंदरांत दिसलं. मायक्रोग्लियाचे तीन निरोप, आयएल-1 अल्फा, टीएनएफ आणि सी1क्यू, एकत्र पोचले की काही ॲस्ट्रोसाइट सांभाळ सोडतात आणि चेतापेशींनाच मारू लागतात. तिन्ही निरोप अडवले, तर दुखावलेल्या चेतापेशी तगतात. मला यातच आशा दिसते: पेशी मारायची गरज नाही, मधला निरोप अडवायचा.

त्या पोराच्या उशाशी मात्र असं औषध नाही. चांदीपुऱ्यावर नेमका उपाय आजही नाही. झटके आवरायचे, मेंदूची सूज उतरवायची, श्वास चालू ठेवायचा. डॉक्टर पुन्हा बुबुळांवर टॉर्च मारतात. आई त्याची एक मूठ उघडायला बघते. बोट शिरत नाही.

भोंगा पुन्हा वाजतो. मनीषनगर. पट्टी तुमच्या हातात गरम झाली आहे. नागपूरचा ताप म्हणजे बहुतेक वेळा साधाच ताप, हे ठाऊक असूनही तुम्ही तिच्या मुठीत बोट घालून पाहता. मूठ सैल आहे. तुम्ही हळूच तिचं नाव विचारता.

ती डोळे न उघडताच वैतागते, "तुला माहीत नाही का?"