तीन पेन्सचा सवाल

तारीख 14 ऑगस्ट 1765. बॉस्टन गावाच्या दक्षिण टोकाला एका जुन्या एल्म वृक्षाखाली तुम्ही गर्दीत उभे आहात. वर फांदीला एक पुतळा लटकतोय. तो आहे अँड्र्यू ऑलिव्हरचा, नव्या मुद्रांकांच्या वाटपासाठी नेमलेल्या माणसाचा. माल घेऊन गावात येणाऱ्या शेतकऱ्यांना पोरं अडवतात, त्यांच्या मालावर लुटुपुटूचा शिक्का मारतात आणि हसत पुढे सोडतात.

फ्रान्सशी झालेलं मोठं युद्ध दोन वर्षांपूर्वी, 1763 मध्ये संपलं. ब्रिटिश खजिन्यावर कर्जाचा डोंगर आहे आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्च चालूच आहे. म्हणून पार्लमेंटाच्या नव्या कर-कायद्यानं येत्या 1 नोव्हेंबरपासून खटल्याचे कागद, वर्तमानपत्रं, पंचांगं, इतकंच काय पत्ते आणि फासेही विकतच्या मुद्रांकाशिवाय चालणार नाहीत.

शेजारच्या माणसाला तुम्ही हळूच विचारता, “मग तुम्हाला स्वातंत्र्य हवंय?” तो चमकून तुमच्याकडे बघतो. काहीतरीच काय! तो राजाचा इमानी प्रजाजन आहे. त्याचं गाऱ्हाणं एवढंच की, इंग्रज माणसावर कर बसवायचा तर त्यानं निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी बसवावा. मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेत त्याचा प्रतिनिधी आहे, लंडनच्या पार्लमेंटात नाही.

त्याच रात्री ऑलिव्हरच्या घराच्या काचा फुटतात. दुसऱ्या दिवशी तो पद सोडायची तयारी दाखवतो. 1766 च्या मार्चमध्ये मुद्रांकांचा कायदा रद्द होतो. ही बातमी गावात पोचेल तेव्हा दिवे लागतील, राजाच्या नावानं पेले उंचावले जातील. जल्लोषात एक गोष्ट मात्र नजरेआड होते. कायदा रद्द झाला त्याच दिवशी पार्लमेंटानं आणखी एक कायदा करून ठेवलाय: वसाहतींसाठी कुठल्याही बाबतीत कायदे करण्याचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. म्हणजे कर गेला, कर बसवण्याचा हक्क राहिला.

आता 5 मार्च 1770 ची रात्र. किंग स्ट्रीटवर बर्फ साचलंय. दीड वर्षापासून गावात लाल डगल्यांचे शिपाई मुक्कामाला आहेत. पगार तुटपुंजा, म्हणून सुटीच्या वेळी ते कमी मजुरीत मिळेल ते काम धरतात. दोरखंडाच्या कारखान्यात तीनच दिवसांपूर्वी कामगार आणि शिपाई यांच्यात हाणामारी झाली आहे. जकातघरापुढच्या पहारेकऱ्यावर बर्फाचे गोळे पडू लागतात, मग काठ्या निघतात, मग गोळ्या सुटतात. पाच जणांचा जीव जातो. त्यांतला क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकी आणि मूलनिवासी वंशाचा खलाशी. आरोपी शिपायांचं वकीलपत्र जॉन ॲडम्स घेतो. आठांपैकी सहा सुटतात, दोघांच्या अंगठ्यांवर डाग देऊन त्यांना सोडतात.

योगायोग असा की, गोळीबाराच्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ मधल्या काळात काच, कागद, रंग आणि शिसं यांच्यावर बसवलेले कर उठवायचा प्रस्ताव मांडतो. फक्त चहावरचा कर राहू देतो: रतलामागे तीन पेन्स. त्यातून खजिना भरणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. राखायचा आहे तो हक्क.

या तीन पेन्सचं काय होतं ते बघायला 16 डिसेंबर 1773 ला या. सुमारे 16,000 वस्तीच्या गावातली पाचेक हजार माणसं ओल्ड साउथ सभागृहात आणि बाहेर दाटली आहेत. धक्क्याला चहाची तीन जहाजं उभी आहेत. माल वीस दिवसांत उतरवून कर भरला नाही, तर जकात खातं तो जप्त करणार. पहिल्या जहाजाची मुदत उद्या संपते. गव्हर्नर हचिन्सन जहाजांना परत जायची परवानगी देत नाही.

गंमत म्हणजे हा चहा पूर्वीपेक्षा स्वस्त पडणार आहे. तो पाठवणारी ईस्ट इंडिया कंपनी तर तुमच्या चांगलीच ओळखीची. बंगालात भीषण दुष्काळ पडून गेलाय, कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आहे आणि तिच्या लंडनच्या वखारींत लाखो रतल चहा पडून आहे. तिला सावरायला आणि आवरायला पार्लमेंटानं याच वर्षी दोन कायदे केले. एकानं कलकत्त्याला गव्हर्नर जनरल बसवला, दुसऱ्यानं हा चहा अमेरिकेत थेट विकायची मुभा दिली. याच कंपनीचे मुंबईकर साहेब 1775 च्या मार्चमध्ये सुरतेत राघोबादादांशी तह करून साष्टी आणि वसई मागतील. बंगालात तिनं काय केलं, ते अमेरिकेतली पत्रकं आत्ताच लिहू लागली आहेत.

अंधार पडतो. तोंडाला काजळी फासून, मोहॉक लोकांची सोंगं घेऊन माणसं जहाजांवर चढतात. त्यांत जॉर्ज ह्यूज नावाचा गरीब चांभारही आहे. तीन तासांत 342 पेट्या फुटतात. ओहोटी असल्यानं चहाचे ढीग पाण्याच्या वर राहतात, ते पायांनी तुडवावे लागतात. कोणी कोटात चहा कोंबताना सापडला, तर त्याची तिथल्या तिथे खरडपट्टी. बाकी कशालाही हात लावायचा नाही, अशी शिस्त.

लंडनचा राग बॉस्टनपुरता राहिला असता, तर कदाचित गोष्ट इथेच मिटली असती. 1 जून 1774 पासून बंदर बंद होतं. नव्या कायद्यानं मॅसॅच्युसेट्सभर गावसभेलाही गव्हर्नरची परवानगी लागते. आणि एरवी एकमेकींशी सीमांवरून भांडणाऱ्या वसाहतींना कळतं की, आज बॉस्टन, उद्या आपण. साउथ कॅरोलायना तांदूळ पाठवते. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमतात आणि तिथूनही राजाला अर्जच करतात. एप्रिल 1775 मध्ये लेक्सिंग्टनला ब्रिटिश फौजेशी झालेल्या चकमकीत रक्त सांडल्यावरही जुलैत पुन्हा विनंतीअर्ज जातो. राजा तो स्वीकारत नाही, उलट वसाहतींनी बंड केल्याचा जाहीरनामा काढतो. या मवाळांना जहाल केलं ते लंडनच्या उत्तरांनी.

शेवटचा मुक्काम 18 जुलै 1776. बॉस्टनच्या स्टेट हाउसच्या सज्जातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला जातोय. राजाविरुद्धच्या गाऱ्हाण्यांची यादी कान देऊन ऐका. बरखास्त केलेल्या विधानसभा, राजाच्या मर्जीवर टांगलेले न्यायाधीश, शांततेच्या काळात माथी मारलेली फौज. संमतीशिवाय बसवलेल्या करांना त्यात जेमतेम एक ओळ मिळाली आहे. चहाचं तर नावही नाही. भांडण पैशांचं नव्हतंच. आमच्याबद्दल ठरवणार कोण, एवढाच सवाल होता.

जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफर्सनचा गुलामांच्या व्यापाराबद्दलचा परिच्छेद मात्र वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसनं गाळलाय. पण हा सवाल आता गुलामांच्या मालकांच्या हाती राहणारा नाही. सहा महिन्यांनी, जानेवारी 1777 मध्ये, प्रिन्स हॉल आणि इतर काही कृष्णवर्णीय मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे गुलामांच्या मुक्तीसाठी अर्ज करतील. त्यात दाखला असेल तो जाहीरनाम्यातल्यासारख्याच जन्मसिद्ध हक्कांचा.