विश्लेषण : ड्राफ्टिंगसाठी माऊस सोडून पेन टॅब्लेट घ्यावा का?

डहाणू-तलासरी पट्ट्यात सध्या दोन प्रकारची रेखाटनं कॉम्प्युटरवर होतात. एक म्हणजे घरांचे, शेडचे आणि जागेचे नकाशे. दुसरं वारली चित्र, जे आता साड्या, पिशव्या, भिंतींवरचे छापील कागद अशा ऑर्डरींसाठी फाइलच्या रूपात मागितलं जातं. दोन्ही कामं करणाऱ्या तरुणांना माऊसऐवजी पेन टॅब्लेट घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण दोघांसाठी उत्तर एकच नाही.

टॅब्लेट नेमका काय करतो?

माऊस फक्त ‘इतका सरकलो’ एवढंच सांगतो. उचलून दुसरीकडे ठेवला तरी बाण जागचा हलत नाही. टॅब्लेटची पाटी म्हणजे स्क्रीनची छोटी प्रतिकृती असते. पेन वरच्या डाव्या कोपऱ्यात टेकवलं की बाणही त्याच कोपऱ्यात जातो. म्हणूनच पहिले काही दिवस हात चुकतो. ड्रायव्हरमध्ये पाटी आणि स्क्रीनचं लांबी-रुंदीचं प्रमाण सारखं करून घ्यायला विसरू नये, नाहीतर गोल काढायला जावं आणि अंडं उमटावं!

ही कल्पना नवी नाही. १९६३मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत दाखवलेला ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम प्रकाशपेनावरच चालत होता. १९८२मध्ये ऑटोकॅड आलं. त्या काळात मोठ्या डिजिटायझर पाट्या ड्राफ्टिंगच्या टेबलावर असत आणि कमांडही पाटीवरच्या चौकटींत छापलेल्या असत.

मग नकाशांसाठी माऊसच का टिकला?

कारण नकाशातली अचूकता हातातून येत नाही. भिंत पाच मीटरची असेल तर ड्राफ्ट्समन दिशा दाखवतो, ५००० टाइप करतो आणि एंटर दाबतो. कोपरा ऑब्जेक्ट स्नॅप पकडतो, रेषा सरळ ठेवायला एफ-८ आहे. हाताला उरतं ते टिचकी मारणं. पेनाने टिचकी मारताना टोक किंचित घसरतं. शिवाय माऊसच्या चाकाची भरपाई पेन करत नाही. चाक फिरवलं की झूम होतं, दाबून ओढलं की नकाशा सरकतो, दोनदा दाबलं की अख्खा नकाशा समोर येतो. पेनावरच्या बटणांना ही कामं नेमून देता येतात, पण आकडे टाइप करायला दरवेळी पेन बोटांत अडकवून ठेवावं लागतं.

मनगट दुखत असेल तर गोष्ट वेगळी. पेन धरताना हात कमी पालथा होतो, त्यामुळे काहींना आराम मिळतो. अशांनी दिवसाचे काही तास पेन आणि काही तास माऊस असं वाटून घ्यावं.

जुना कागदी नकाशा गिरवायचा असेल तर ऑटोकॅडमध्ये ‘टॅब्लेट’ नावाची कमांड आहे. कागद पाटीवर ठेवून ओळखीचे बिंदू नेमून द्यायचे. मात्र आजच्या छोट्या पाट्यांवर गावनकाशा मावत नाही. तो स्कॅन करून खाली ठेवणं सोपं पडतं. भूसंपादनाची चर्चा गावोगाव असलेल्या या भागात एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. कागद आकसतो, ताणतो, त्यामुळे गिरवलेली हद्द ही अधिकृत मोजणी नव्हे.

वारली चित्राचं काय?

इथे पारडं फिरतं. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांच्या गंजाड गावासह या परिसरात टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने आणि तांदळाच्या पांढऱ्या रंगाने रेषा ओढली जाते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस तयार होतो. माऊसने तयार त्रिकोण ठेवून कॉपी-पेस्ट केला की तारप्याभोवतीचे सगळे नाचणारे एकाच साच्यातले दिसतात. एकाचा गुडघा जास्त वाकलेला, दुसरीची कंबर तिरकी, हे पेनाने आपोआप येतं. यासाठी दाब ओळखणारा साधा, स्क्रीन नसलेला टॅब्लेट पुरतो, तो काही हजारांत मिळतो. काम मात्र व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये करावं, म्हणजे तेच चित्र रुमालावर आणि भिंतीवर तितकंच स्वच्छ छापलं जातं. सॉफ्टवेअरचं ‘स्मूदिंग’ कमीत कमी ठेवावं. ते जास्त असेल तर काडीच्या रेषेतला खडबडीतपणा पुसला जातो आणि गिऱ्हाईक नेमकं त्याचेच पैसे देत असतं.