वस्तादाची नजर

बडोद्याच्या सयाजीबागेला जुनी मंडळी अजून कमाटीबागच म्हणतात. तिथल्या वस्तुसंग्रहालयात एक अवजड शिळा ठेवली आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गुलाम मोहम्मद नावाच्या पैलवानाने ती उचलल्याची नोंद तिच्यावर कोरलेली आहे. हा गुलाम मोहम्मद म्हणजे पुढे जगाने ‘गामा’ म्हणून ओळखलेला मल्ल. शिळेचे वजन सुमारे १,२०० किलो सांगितले जाते. बघणारा थक्क होतो, छायाचित्र काढतो आणि पुढच्या दालनात जातो. मला मात्र त्या शिळेपाशी दरवेळी वेगळाच प्रश्न पडतो. हा विशीतला मुलगा शिळेला हात घालण्यापूर्वी त्याच्या पाठीकडे, खांद्यांकडे, श्वासाकडे पाहून ‘उचल’ म्हणणारा कोणीतरी असणार. निरोगी शरीर नेमाने पाहायचे, त्याला काय खाऊ घालायचे आणि किती राबवायचे ते ठरवायचे, हे काम आज आपण वार्षिक तपासणी, आहारतज्ज्ञ आणि व्यायामशाळा यांच्यात वाटून टाकले आहे. एके काळी ते एकाच माणसाकडे होते. त्या माणसाचा माग काढत आपण थोडे मागे जाऊ.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या मल्लविनोदात मल्लांची वय, आकार आणि बळ यांनुसार प्रतवारी केली आहे. त्यांना कडधान्ये, मांस, दूध, साखर आणि उत्तम मिठाया पुरवणे ही राजाची जबाबदारी मानली आहे. व्यायामांची नावेही आहेत: वजन पेलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम. या शेवटच्या नावापाशी मल्लखांब जाणणारा मराठी वाचक थबकल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या संधीवर ही विद्या पुन्हा उभी केली, त्याच्या सातशे वर्षे आधी तिचा पूर्वज एका राजाच्या ग्रंथात नोंदलेला होता. वैद्यांची परंपरा तर याहूनही जुनी आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, आणि अर्धी शक्ती संपल्याची खूण कपाळावर, नाकावर, काखेत येणाऱ्या घामात ओळखावी, असे आयुर्वेद सांगतो. नाडीचे ठोके मोजणारे मनगटी यंत्र येण्यापूर्वीचे हे मोजमाप आहे, आणि ते नुसत्या डोळ्यांनी घेता येते.

गुजरातेत याच परंपरेची एक स्वतंत्र शाखा वाढली. मोढेरा परिसरातल्या ज्येष्ठीमल्ल, म्हणजे जेठी, या ब्राह्मण पैलवानांच्या जातीने स्वतःचे पुराण जपले. त्याचे नाव ‘मल्लपुराण’. त्यात मल्लांचे प्रकार, त्यांची शरीरलक्षणे, कसरती, आखाड्याची माती कशी तयार करावी हे तर आहेच. शिवाय कोणत्या ऋतूत मल्लाने काय खावे, याचा बारकाईने विचार आहे. भोगीलाल सांडेसरा आणि रमणलाल मेहता यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९६४ साली गायकवाड ओरिएंटल सिरीजमधून प्रसिद्ध झाला, तोही बडोद्यातूनच. खुराक हा शब्द आज आपण ‘भरपूर खाणे’ अशा अर्थाने वापरतो. मल्लपुराण वाचणाऱ्याला त्याचा मूळ अर्थ उमगतो: ऋतू पाहून, वय पाहून, मेहनत पाहून दिलेले खाणे.

हे सारे ज्ञान ज्याच्या दारी आश्रयाला होते, त्या दरबारात मात्र शरीराची किंमत निराळी होती. खंडेराव महाराज गायकवाड (कारकीर्द १८५६ ते १८७०) कुस्तीचे मोठे शौकीन. साठमारी, हत्तींच्या झुंजी आणि मल्लयुद्धे यांसाठी बडोदे प्रसिद्ध होते. फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने आपल्या प्रवासवर्णनात शिंगाची नखे हाती बांधून एकमेकांना रक्तबंबाळ करणाऱ्या मल्लांचे वर्णन केले आहे. ते वाचवत नाही. राज्याच्या तिजोरीतून बदाम-तूप खाऊन घडवलेले शरीर राजाच्या घटकाभर करमणुकीसाठी फाडले जात होते. आहार होता, व्यायाम होता, पाहणारी नजरही होती. फक्त ते शरीर ज्याचे, त्याच्यासाठी यातले काहीच नव्हते.

ही किंमत बदलायला एक शेतकऱ्याचा मुलगा यावा लागला. २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ गायकवाड घराण्यात दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. दिवाण टी. माधवराव आणि शिक्षक एलियट यांच्या देखरेखीखाली अक्षरओळखीबरोबर त्याची तालीमही सुरू झाली. तरीही पुढे प्रकृतीने त्याला साथ दिली नाही. निद्रानाश आणि संधिवाताने महाराज आयुष्यभर त्रस्त राहिले. १८८७ साली प्रकृतीसाठीच ते पहिल्यांदा युरोपला गेले आणि पुढे वारंवार जात राहिले. स्वतःचे शरीर सतत डॉक्टरांच्या स्वाधीन करावे लागलेल्या या माणसाने प्रजेच्या शरीराचा विचार इतक्या आस्थेने करावा, हा मला योगायोग वाटत नाही. १८९० च्या दशकाच्या आरंभी आजव्याच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत सुरू होऊन १९०६ मध्ये राज्यभर पसरला. शुद्ध पाणी आणि शाळा ही आरोग्याची साधने आहेत, हे तेव्हा फार थोड्या संस्थानिकांना पटले होते.

तालमीची गोष्ट मात्र राजवाड्यात नव्हे, जुन्या शहरात घडत होती. तिथे जुम्मादादा नावाचे वृद्ध वस्ताद होते. त्यांनी शंभरी ओलांडल्याचे सांगतात. त्यांचे पट्टशिष्य प्रोफेसर माणिकराव. मुसलमान गुरू आणि मराठी हिंदू शिष्य. शिष्याने तालीम वाढवली आणि तिला गुरूचेच नाव ठेवले. माणिकरावांनी (१८७८ ते १९५४) दोन गोष्टी केल्या, आणि दोन्हींनी इतिहासाला वळण दिले. पहिली म्हणजे संघव्यायाम. हौद्यातल्या एकेका पठ्ठ्याला घडवणारी विद्या त्यांनी मैदानात रांगेने उभ्या असलेल्या शेकडो मुलांसाठी बसवली. इंग्रजी हुकूम बाजूला सारून देशी भाषेतले हुकूम घडवले. लाठी, लेझीम, जोर, बैठका यांना शाळेच्या वेळापत्रकात बसेल असे रूप दिले. छोटूभाई आणि अंबूभाई पुराणी या बंधूंनी हीच चळवळ पुढे गुजरातेत नेली. दुसरी गोष्ट हाडवैद्यकाची. निखळलेला सांधा बसवणे, मोडलेले हाड बांधणे हे तालमीत रोजचेच. माणिकरावांच्या हाताला त्यासाठी नाव होते. कुस्ती न खेळणारा, तालमीत कधी पाऊल न टाकलेला माणूसही दुखरा खांदा घेऊन त्यांच्याकडे येऊ लागला, आणि वस्तादाची नजर आखाड्याच्या उंबऱ्याबाहेर आली.

१९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडे शिकलेला एक तरुण आपल्याला आता गाठायचा आहे. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म ३० ऑगस्ट १८८३, बडोदे राज्यातल्या डभोईचा. संस्कृतात हुशार, बडोदे कॉलेजात अरविंद घोषांच्या छायेत वाढलेला. पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे त्याने योग शिकला आणि तो स्वामी कुवलयानंद झाला. तालमीचे शरीर, योग्याची साधना आणि आधुनिक विज्ञानाची शंका या तिन्ही गोष्टी एका माणसात एकत्र आल्या. १९२० च्या दशकाच्या आरंभी त्याने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांच्या यंत्रासमोर उड्डियान आणि नौली करवून घेतली. योगी पोट आत ओढतो तेव्हा आत नेमके काय होते, हे त्याला पाहायचे होते. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम पाव शतक झाले होते. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, अंशतः निर्वात पोकळी तयार होते, आणि बस्तीत पाणी वर खेचले जाते ते त्यामुळेच, हे त्याने दाबमापकाने दाखवले. त्या पोकळीला त्याने गुरूचे नाव दिले: माधवदास निर्वात. ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू होऊन हे प्रयोग जगापुढे आले.

इथे आपण क्षणभर जगाच्या नकाशावर नजर टाकू. निरोगी माणसाने ठरावीक काळाने तपासून घ्यावे, ही सूचना लंडनच्या होरेस डोबेल या डॉक्टरने १८६१ साली केली. न्यूयॉर्कमध्ये लाइफ एक्स्टेंशन इन्स्टिट्यूट १९१३ साली निघाली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा तपासणीची शिफारस केली ती १९२२ साली. म्हणजे पश्चिमेत ‘आजारी नसलेल्यालाही डॉक्टरने पाहावे’ हा विचार मान्यता मिळवत होता, जवळपास त्याच वर्षांत बडोद्याच्या इस्पितळात धडधाकट तरुण यंत्रापुढे उभे राहत होते. दोघांनाही एकमेकांची खबर नसावी. पश्चिमेतला डॉक्टर लपलेला रोग शोधत होता. कुवलयानंद लपलेले आरोग्य शोधत होते. या भेदाकडे आपल्याकडच्या वैद्यकाच्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, याची मला खंत वाटते.

उरलेले वळण पुस्तकांचे. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्यात बसून ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादला: मराठीत, दहा खंड, १९३६ ते १९४९. मल्लखांबाच्या उड्या, कुस्तीचे डाव, आसने, देशी खेळ, आहार. जे वस्तादाच्या तोंडी आणि हाती होते, ते छापील पानावर आले. एका संस्थानी शहरात, मराठीत, युद्धाच्या टंचाईच्या काळातही हे काम तडीस जावे, याचे मोल आज कोणी मराठी माणूस सहज सांगत नाही. दहावा खंड निघाला त्याच वर्षी बडोद्यात सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. वैद्यकीय महाविद्यालयही १९४९ चेच. लवकरच गृहविज्ञान शाखा सुरू झाली आणि पोषण हा पदवीचा विषय झाला. खुराक एका विभागात गेला, हाड दुसऱ्यात, रक्त तिसऱ्यात. प्रत्येक विभाग आपल्या विषयात वस्तादाच्या कितीतरी पुढे गेला, आणि त्यामुळे वाचलेल्या जिवांची गणती होणार नाही.

आज पहाटे कमाटीबागेत चालणाऱ्यांच्या हातात फोन असतो, त्यात पावले मोजली जातात. महिनाअखेर प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन उपाशीपोटी रक्त घेऊन जातो, आणि संध्याकाळी साखर, चरबी, थायरॉइड यांचे आकडे लाल-हिरव्या रंगांत येतात. जुम्मादादांच्या नावाच्या व्यायाममंदिरात मल्लखांबाला एरंडेल चोळले जाते. रांगेतल्या मुलाला शिक्षक थांबवतात, त्याचा खांदा अंगठ्याने दाबून पाहतात, जेवून किती वेळ झाला ते विचारतात, आणि मग मान हलवतात. मुलगा खांबाला हात घालतो.