फड ते फीडर : पाणी-वीज कमी पडली की कोणाचं कमी करायचं?

नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही आणि लाइट कधी जाईल तेही सांगता येत नाही. खान्देशातल्या तालुक्याच्या गावात राहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. पण हाच विषय संशोधनाला घ्यायचा म्हटलं की बरेच विद्यार्थी 'यंत्रणा का फसली?' या एकाच प्रश्नावर अडकतात. त्याची उत्तरं ठरलेली असतात: निधी नाही, गळती आहे, वसुली नाही, राजकारण आहे. ती खोटी नाहीत, पण त्यातून प्रबंधाचं एक प्रकरण निघणंही कठीण असतं.

म्हणून एक दुसरा प्रश्न सुचवतो. तुटवडा पडतो तेव्हा तो वाटला कसा जातो? कोणाचं पाणी किंवा वीज कमी होते, ते कोण ठरवतं आणि कोणत्या नियमाने? हा प्रश्न धरला की धुळे-जळगावचा इतिहास एकदम बोलायला लागतो, कारण या भागात तुटवडा वाटून घ्यायची एक जुनी व्यवस्थाच होती.

फडाचा नियम

पांझरा, कान, बुराई, अनेर या नद्यांवर आणि नाशिक जिल्ह्याच्या बाजूला मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर छोटे दगडी बंधारे बांधून पाटाने शेतीला पाणी द्यायची पद्धत होती. हीच फड पद्धत. ती साधारण तीनशे-चारशे वर्षं जुनी मानली जाते. बंधाऱ्यापासून पाट निघतो, पाटातून चाऱ्या निघतात आणि पाण्याखालची सगळी जमीन काही मोठ्या भागांत वाटलेली असते. त्या प्रत्येक भागाला फड म्हणायचं. एका फडात एकच पीक घ्यायचं. कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात हंगामी पीक आणि कोणता फड यंदा पडीक, हे दरवर्षी शेतकरी बसून ठरवायचे.

खरी मेख जमिनीच्या वाटणीत होती. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी सलग नसून सर्वसाधारणपणे वेगवेगळ्या फडांत तुकड्यांनी असायची. त्यामुळे नदीला पाणी कमी असलं आणि एखादा फड कोरडा ठेवायचं ठरलं, तर त्याची झळ जवळपास प्रत्येकाला थोडी थोडी बसायची. अमक्याचं पूर्ण भिजलं आणि तमक्याचं पूर्ण वाळलं, असं सहसा व्हायचं नाही. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या राखण करायचा, आणि त्यांचा मोबदला शेतकरी धान्याच्या रूपाने द्यायचे. चाऱ्या साफ करायचं कामही जमिनीच्या प्रमाणात वाटलेलं असायचं.

थोडक्यात, या लोकांनी नदी बेभरवशाची आहे हे धरूनच नियम केले होते. पुरेसं पाणी हा अपवाद आणि तुटवडा हा नेहमीचा, असा हिशोब होता.

पण ही व्यवस्था आदर्श म्हणून डोक्यावर घेऊ नका. पाण्याचा हक्क जमिनीला बांधलेला होता. ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही आणि बैठकीत शब्दही नाही. समता होती ती जमीनवाल्यांच्या आपसात. परंपरेवर लिहिताना आपल्याकडे ही गोष्ट हमखास सुटते.

पंप आला आणि काय बदललं

फड का मोडकळीला आले याची कारणं अनेक आहेत: वरच्या बाजूला झालेली धरणं, पुरात फुटलेले बंधारे, गाळ. माझ्या मते त्यात विहिरीवरच्या विजेच्या पंपाची भूमिका कमी लेखली गेली आहे. स्वतःच्या विहिरीला मोटर लागली की शेजाऱ्याबरोबर एकच पीक घ्यायची गरज उरत नाही. मग फडाचा नियम आधार न वाटता अडचण वाटायला लागतो. पाटाच्या पाण्यावर एकमेकांना बांधलेले शेतकरी विहिरीवर सुटे झाले.

सुटे झाले, पण फक्त पाण्यापुरते. विजेसाठी ते पुन्हा एका तारेवर आले. उपकेंद्रातून निघणारी ११ केव्हीची वाहिनी म्हणजे फीडर. त्या फीडरवर डीपी आणि एकेका डीपीवर अनेक पंप. म्हणजे सामायिक गोष्ट होतीच; तिचे नियम मात्र वापरणाऱ्यांनी केलेले नव्हते.

जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण कंपनी आली. ती वर्षं भारनियमनाची होती. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र असूनही जिल्ह्यातली गावं अंधारात असायची, हा उपरोध खान्देशात सगळ्यांच्या तोंडी असतो. पुढे कपात ठरवताना वितरणातली हानी आणि बिलांची वसुली पाहून फीडरचे गट पाडले गेले. ज्या गटात हानी जास्त, तिथे कपात जास्त.

आता हा नियम फडाशेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे शिक्षा सामूहिक आहे. फीडरवर शेजाऱ्याने बिल थकवलं किंवा आकडा टाकला तर नियमित बिल भरणाऱ्याचीही लाइट जाते. फडातही कपात सगळ्यांना लागायची. पण फडात कपात सोसणारे आणि ठरवणारे तेच लोक होते, एकमेकांना ओळखत होते, बैठकीत भांडू शकत होते. एका फीडरवरचे ग्राहक मात्र कधी एकत्र बसत नाहीत. आपण कोणत्या फीडरवर आहोत हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

ऑटोस्विच आणि टिल्लू

यातून लोकांनी काढलेले मार्ग पाहिले की फरक आणखी स्पष्ट होतो. शेतीला थ्री फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्री-अपरात्री मोटर चालू करायला शेतात जायचं म्हणजे साप, बिबट्या आणि शॉक यांची भीती. म्हणून पंपाला ऑटोस्विच लावतात: वीज आली की मोटर आपोआप चालू. एका शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे अगदी शहाणपणाचं आहे. पण डीपीवरचे सगळे पंप ऑटोवर असले की वीज येताक्षणी सगळे एकदम उचल घेतात. डीपीवर ताण येतो आणि ती जळते. मग ऐन हंगामात दुसरी डीपी येईपर्यंत सगळ्यांचीच पिकं वाळतात. जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीसारखं पाण्याचं पीक उभं असेल तर हे नुकसान किती, हे सांगायला नको.

गावातल्या नळाचंही तसंच. पाणी अनेक दिवसांनी येतं म्हणून हौद, टाकी, ड्रम. तेवढ्याने भागत नाही म्हणून नळाला थेट टिल्लू मोटर. टिल्लू लावणाऱ्याची टाकी भरते आणि लाइनीच्या शेवटच्या घराचं प्रेशर जातं. मग तेही टिल्लू घेतात. ज्याच्याकडे ना हौदाला जागा ना मोटरला पैसे, त्याच्या वाट्याला तुटवड्याचा सगळ्यात मोठा तुकडा येतो.

माझा मुद्दा एवढाच आहे. फड म्हणजे तुटवडा वाटून घेणं. ऑटोस्विच आणि टिल्लू म्हणजे तुटवडा पुढच्यावर ढकलणं. माणसं मुळात चांगली-वाईट असण्याशी याचा संबंध नाही. एकत्र बसून कपात ठरवायची जागा राहिली नाही, तर प्रत्येकाला ढकलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

हे शोधायचं कुठे?

या विषयावर काम करायचं असेल तर तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, १८८० चं खान्देश गॅझेटिअर वाचा, पण ते कशासाठी लिहिलं गेलं ते लक्षात ठेवून. वसाहतीच्या दप्तराला सारा हवा होता. म्हणून पाटस्थळ किती, मोटस्थळ किती, आकारणी किती याची नोंद नीट मिळते. कमी पाण्याच्या वर्षी फडाच्या आत काय ठरलं हे त्या रकान्यांत बसत नाही. स्थानिक कागदांसाठी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळापासून सुरुवात करणं केव्हाही चांगलं.

दुसरी, मधला माणूस शोधा. फडावर पाटकरी होता. आज नगरपालिकेचा व्हॉल्व्हमन आहे आणि वायरमनच्या हाताखाली कागदावर कुठेच नसलेला झिरो वायरमन आहे. कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी आणि कोणता फ्यूज आधी बसणार, हे प्रत्यक्षात बऱ्याचदा या माणसांच्या हातात असतं. पाटकऱ्याचा मोबदला ठरलेला होता. झिरो वायरमन खांबावर चढून मेला तर त्याची जबाबदारी कोणाची, हेच ठरलेलं नसतं. अशा मृत्यूंच्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांत येत राहतात. तोही पुरावाच आहे, फक्त तो कोणी जमवलेला नाही.

तिसरी, मुलाखतीत 'पाणी-वीज नीट मिळते का?' असं विचारू नका. 'नाही' एवढं एकच उत्तर येईल. 'मागच्या उन्हाळ्यात कमी पडलं तेव्हा आधी कोणाचं बंद झालं?' असं विचारा. समोरचा माणूस क्षणभर थांबेल आणि मग नावं, गल्ल्या, भांडणं सगळं सांगायला लागेल. वहीची दोन पानं जास्त ठेवा.