जिन्याखालच्या दोन पेट्या

आपल्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा जिन्याखाली टेलिफोनची लोखंडी पेटी होती. तिच्यातून तांब्याच्या तारा घरोघरी गेल्या होत्या. आज ती पेटी गंजली आहे आणि तिच्याशेजारी एक छोटी पांढरी पेटी आली आहे. रौप्यमहोत्सवानिमित्त या दोन पेट्यांमधला इतिहास सांगावा असं मनात आलं.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. मोडेमची ती किरकिर आठवते ना? नेट चालू असलं की फोन एंगेज. पुढे त्याच तारेवर ब्रॉडबँड आलं, पण पाऊस पडला की लाइन गेलीच म्हणून समजा.

काचेची गोष्ट मात्र त्याआधीची. १९६६ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की, काचेतली अशुद्धी काढली तर तिच्या धाग्यातून प्रकाश लांबवर संदेश नेऊ शकेल. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तसा धागा करून दाखवला. काव यांना २००९ साली नोबेल मिळालं.

पण प्रत्येक घराला एक्स्चेंजपासून वेगळा धागा द्यायचा तर खर्च परवडेना. म्हणून एकच धागा आणून तो घरांजवळ वाटायचा, अशी पद्धत निघाली. तिचं आज आपल्याकडे चालणारं रूप, म्हणजे जीपॉन, २००३ साली आंतरराष्ट्रीय मानक झालं. पांढऱ्या पेटीतला स्प्लिटर एका धाग्यातला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांना वाटतो. त्याला ना वीज लागते, ना पंखा. म्हणूनच या व्यवस्थेला 'पॅसिव्ह' म्हणतात.

येणारा मजकूर सगळ्यांच्या घरी जातो, पण कुलूपबंद. ज्याचा त्यालाच उघडतो. जाताना मात्र सगळे एकदम बोलले तर गोंधळ होईल, म्हणून एक्स्चेंजमधलं यंत्र प्रत्येकाला वेळ नेमून देतं. मला तर आमच्या बँकेतलं टोकनच आठवलं. नंबर आला की काउंटरवर यायचं!

खरं सांगतो, भिंतीला भोकं पाडायला सर्वसाधारण सभेत पहिला विरोध माझाच होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नातवाची शाळा त्याच धाग्यावरून भरली, तेव्हा मी गप्प झालो.

मात्र एक गोष्ट आपण गमावली. जुन्या फोनला एक्स्चेंजमधल्या बॅटरीची वीज तारेतूनच यायची, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी फोन चालू राहायचा. काचेतून वीज येत नाही. स्प्लिटरला ती लागत नाही, पण घरातल्या डब्याला लागते. गेल्या पावसाळ्यात तीन तास वीज नव्हती. आपल्याच इमारतीत एकट्या राहणाऱ्या एका काकूंना रात्री छातीत दुखू लागलं. मोबाइल डिस्चार्ज झालेला, आणि लँडलाइन उचलली तर मुकी. त्यांनी थाळी वाजवली, शेजारी धावले, म्हणून निभावलं.

तेव्हा कमिटीला माझी विनंती आहे. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांच्या डब्याला छोटी बॅटरी बसवून द्यावी. खर्च फार नाही. आणि मुलांनो, त्या पांढऱ्या पेटीला हात लावू नका. एक धागा तुटला तर सगळ्या इमारतीचा आवाज बंद होईल.

धागा काचेचा असला तरी थाळीचा आवाज ऐकून धावणारा शेजार हीच आपली खरी लाइन. ती पुढची पंचवीस वर्षंही अशीच चालू राहो, ही सदिच्छा!