मादागास्करचा गुलमोहर आणि मराठवाड्याची भूमी

नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांत गुलमोहर आज इतका परिचित झाला आहे की, तो मूळचा ह्या भूमीतील नव्हे ह्याचे स्मरण क्वचितच राहते. त्याच्या नावातील ‘गुल’ हा शब्द फारसी असल्यामुळे दीर्घकाळ निजामी राजवटीखाली राहिलेल्या मराठवाड्याच्या कानांना ते नाव उपरे वाटण्याचे कारण नव्हते. तथापि नावावरून वृक्षाचे जन्मस्थान कळत नाही. गुलमोहराची मूळ भूमी म्हणजे हिंदी महासागरातील मादागास्कर बेट होय.

ह्या वृक्षाची शास्त्रीय नोंद बोहेमियात जन्मलेला व मॉरिशस येथे स्थायिक झालेला वनस्पतिशास्त्रज्ञ बोयर ह्याच्या निरीक्षणावरून झाली. हूकर ह्याने ती १८२९ मध्ये ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझीन’ ह्या नियतकालिकात ‘पॉइन्सियाना रेजिया’ ह्या नावाने प्रसिद्ध केली. राफिनेस्क ह्याने १८३७ मध्ये दिलेले ‘डेलोनिक्स’ हे प्रजातिनाम पुढे मान्य झाले. उद्यानांतून हा वृक्ष जगभर पसरला, परंतु बेटाच्या पश्चिम भागातील त्याची नैसर्गिक वसतिस्थाने मात्र विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अभ्यासकांच्या निदर्शनास आली. भारतात तो मुंबईजवळील शिवडी येथे १८४० च्या सुमारास प्रथम आला, असे मानले जाते.

परदेशातील वृक्ष मराठवाड्यात रुजला ह्याचे कारण हवामानात शोधावे लागते. पश्चिम मादागास्करचे अरण्य सदाहरित नसून पानझडीचे आहे. तेथे काही महिन्यांच्या पावसानंतर प्रदीर्घ कोरडा ऋतू येतो. बालाघाटाच्या पठारावर व गोदावरीच्या खोऱ्यातही पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. कोरड्या ऋतूत पाने गाळून ओलावा राखणे आणि पावसापूर्वी बहरणे, हा गुलमोहराचा स्वभाव येथे तसाच उपयोगी पडला.

लागवडीस सामाजिक कारणेही अनुकूल होती. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १९५० मध्ये देशात वनमहोत्सवास प्रारंभ झाला. शाळा, कचेऱ्या व रस्ते ह्यांच्याकडेला लवकर वाढणारा, रुंद सावलीचा आणि ऐन उन्हाळ्यात फुलणारा वृक्ष पसंत पडावा, हे स्वाभाविक होते.

संगोपनाच्या दृष्टीने त्याच्या गरजा थोड्या, परंतु निश्चित आहेत. बियांचे कवच अत्यंत कठीण असते. म्हणून त्यांवर उकळते पाणी ओतून त्या रात्रभर भिजत ठेवतात, अथवा कवच किंचित घासून मग पेरतात. उन्हाळ्यात खड्डे घेऊन ते तापू द्यावे, शेणखत मिसळलेल्या मातीने भरावे व मृगाच्या पावसानंतर रोप लावावे, ही रीत येथे सोयीची ठरते. निचऱ्याची मुरमाड जमीन त्यास मानवते. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते व उन्हाळ्यात भेगा पडून कोवळी मुळे उघडी पडतात. शेळ्यांपासून रक्षणासाठी काटेरी कुंपण आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी, एवढे लाभले की पुढे वृक्ष बहुधा आपला आपण वाढतो. त्याची मुळे उथळ पसरतात व लाकूड ठिसूळ असते. म्हणून भिंतीपासून दूर लावणे व वाळक्या फांद्या वेळीच छाटणे आवश्यक ठरते. एरवी वळवाच्या वादळात तो मोडतो.

येथेच ह्या इतिहासातील खरा प्रश्न उभा राहतो. किनवट व माहूरच्या परिसरात सागवानाचे नैसर्गिक वन आहे. लातूरच्या पठारावर वनाचे प्रमाण अत्यल्प आहे. वड, चिंच, कडुनिंब व बाभूळ ह्यांनी मराठवाड्याच्या शेतकऱ्यास सावलीखेरीज फळ, चारा, औषध आणि औतांचे लाकूड पुरविले. सुताराला गुलमोहराचा उपयोग नाही. कुऱ्हाडीपासून त्याचा बचाव होण्यास हेही एक कारण झाले असावे. परंतु त्याचे आयुष्य वडाच्या वा चिंचेच्या मानाने अल्पच. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. जेथे पिण्याच्या पाण्याची ही अवस्था, तेथे रोपास घातलेली प्रत्येक घागर कोणत्या वृक्षासाठी खर्च व्हावी, हा केवळ रुचीचा विषय राहत नाही.

ह्यावरून गुलमोहर त्याज्य ठरतो, असे नव्हे. त्याच्या मूळ भूमीतील अरण्यांवर कोळशासाठी कुऱ्हाड चालत असता परभूमीत तो सुखाने नांदतो आहे, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. वैशाखाच्या उन्हात त्याने दिलेला रंग लोकजीवनाचा भाग झाला आहे. तथापि शोभेचा वृक्ष आणि आधाराचा वृक्ष ह्यांतील भेद विसरून केलेली लागवड वन निर्माण करीत नाही. चौकात गुलमोहर असावा. शेताच्या बांधावर व गावाच्या वेशीत मात्र नातवंडांनाही सावली देईल अशाच वृक्षाचा अधिकार पहिला आहे.